कादंबरीतली चेटकीण दर वेळी निरपराध वैदीणच का असते?

पानोपानी

नमस्कार मंडळी,

गेल्या काही वर्षांत इंग्रजीत चेटकिणींच्या खटल्यांवर बायकांनी लिहिलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांचं नुसतं पीक आलंय. इंग्लंडमधलं पेंडल आणि इसेक्स, अमेरिकेतलं सेलम, नॉर्वेचं वार्डो, सगळीकडचे खटले येऊन गेले. मी त्या मिळतील तशा वाचते, किंडलवर, लायब्ररीतून, स्वैपाक करताना कानात लावून. आवडतात म्हणूनच वाचते, हे आधीच सांगून ठेवते. पण एक गोष्ट आता फारच खटकायला लागलीये आणि ती इथे बोलावीशी वाटतेय.

बहुतेक ठिकाणी बाई तीच असते. गावाच्या कडेला एकटी राहणारी, झाडपाल्याची जाणकार, अडलेल्या बायकांची बाळंतपणं करणारी, कोणाचं वाईट न चिंतणारी. मग एक घमेंडखोर डॉक्टर नाहीतर पाद्री येतो, त्याला तिचं ज्ञान सहन होत नाही, आणि ती फासावर जाते. तिचं औषध मात्र कध्धीच चुकत नाही. आणि मंत्रतंत्र? ते एकतर गायब, नाहीतर 'लोकांच्या समाधानासाठी पुटपुटते हो, तिचा स्वतःचा काही विश्वास नाही' असं. म्हणजे साल १६१२ आणि बाईचं डोकं आत्ताचं.

माझं म्हणणं असं की असं केल्याने आपण त्या बाईचा मान वाढवत नाही, तिचं निम्मं आयुष्य पुसून टाकतो.

आता खरी बाई बघा. बेसी डनलॉप, स्कॉटलंडमधल्या एअरशायरची, शेतकऱ्याची बायको, खटला १५७६ चा. तिची जबानी आजही वाचायला मिळते आणि ती कुठल्याही कादंबरीपेक्षा भारी आहे. एका उमराव घरातल्या तरण्या मुलीला सारखी चक्कर यायची म्हणून हिला विचारलं, तर हिने सांगितलं की आलं, लवंग, बडीशेपेसारखं ॲनिस आणि ज्येष्ठमध समभाग घ्या, कडक एलमध्ये (बिअरसारखं पेय) उकळा, गाळा, थोडी पांढरी साखर घाला आणि रोज सकाळी काही खायच्या आधी घ्या. मोबदला काय मिळाला तर थोडं पीठ आणि चीज. ज्येष्ठमध-लवंगेचा काढा हो! आपल्याकडे खोकल्याला जे उकळतो त्याच्या अगदी जवळचं.

आता हे ज्ञान तुला कुठून मिळालं असं कोर्टाने विचारल्यावर ती म्हणते, टॉम रीडने सांगितलं. हा टॉम रीड १५४७ च्या पिंकीच्या लढाईत मेलेला माणूस! तो तिला भेटला तेव्हा ती गाई हाकत रडत चालली होती, नुकतीच बाळंत झालेली, बाळ आजारी, नवरा आजारी, गाय मेलेली. त्याने सांगितलं, बाळ जाईल, नवरा वाचेल. त्याच्या आधी बाळंतपणात एक धिप्पाड बाई घरात येऊन बाकावर बसली होती, प्यायला मागितलं, आणि तीही म्हणाली की मूल जगणार नाही. ती कोण, तर टॉम म्हणतो ती आमच्या पऱ्यांची राणी. अडलेल्या बायकांसाठी टॉमने बेसीला एक नाडी दिली, ती डाव्या दंडाला बांधायची.

काढा आणि नाडी एकाच बाईच्या हातात. तिच्या लेखी दोन्ही औषधच. कादंबरीकार काढा ठेवतात आणि नाडी फेकून देतात, मेलेल्या सैनिकाला तर हातच लावत नाहीत. मला ती दोन्ही हवी आहेत. त्या रडत चाललेल्या ओल्या बाळंतिणीला मेलेला माणूस भेटतो आणि विचारपूस करतो, याच्याइतकं बाईच्या दुःखाबद्दल सांगणारं दुसरं काय असणार?

बेसीला जाळलं. आणि तिच्यावर संकट यायला डॉक्टर कारण नव्हता, ती चोरीला गेलेल्या वस्तू शोधून द्यायची. नांगराचे फाळ चोरीला गेले तेव्हा तिने चोरांची नावं तर सांगितलीच, वर शेरीफच्या माणसाने पैसे खाऊन ते शोधले नाहीत हेही सांगितलं. आता बोला.

मी_शाल्मली

धागा आवडला पण पूर्ण सहमत नाही. ताई, या कादंबऱ्या आल्या कुठून ते पण बघायला हवं ना. १९७३ मध्ये बार्बरा एरेनराइक आणि डियर्ड्रा इंग्लिश या दोघींनी छोटी पुस्तिका काढली, चेटकिणी, सुईणी आणि नर्सेस यांच्यावर. तेव्हा अमेरिकेत बायका स्वतःच्या शरीराबद्दल डॉक्टरला प्रश्न विचारायची हिंमत पहिल्यांदा करत होत्या, मेडिकल कॉलेजात मुली मूठभर. त्यांना एक पूर्वज हवी होती जी म्हणेल की हे ज्ञान आमचंच होतं आणि ते आमच्याकडून काढून घेतलं. ती गरज खरी होती. एखादी गोष्ट इतिहास म्हणून थोडी कच्ची असेल पण तिने हजारो बायकांना उभं केलं असेल तर ती अशी एका फटक्यात मोडीत काढू नये असं मला मनापासून वाटतं.

पानोपानी

शाल्मली, मोडीत काढत नाहीये गं, त्या पुस्तिकेचं ऋण आहेच. पण तिच्यातून आणि तिच्याही आधीपासून जे आकडे फिरतात ते बघ. नव्वद लाख बायका जाळल्या म्हणतात. हा आकडा अठराव्या शतकातल्या एका जर्मन माणसाने एका गावच्या नोंदींवरून अख्ख्या युरोपचा हिशोब मांडून काढलेला, पुढे १८९३ मध्ये मटिल्डा जॉस्लिन गेजने तो उचलला आणि तिथून तो सगळीकडे गेला. आज अभ्यासक चाळीस ते साठ हजार म्हणतात, त्यात साधारण तीन चतुर्थांशाच्या वर बायका. आइसलंडमध्ये तर जाळलेले जवळजवळ सगळे पुरुषच. चाळीस हजार हा आकडा काय कमी भयंकर आहे का? फुगवायची गरजच नाही.

आणि सुईणींचं म्हणशील तर चेटकिणी कशा ओळखायच्या यावरच्या १४८६ च्या त्या क्रॅमर नावाच्या पाद्र्याच्या पुस्तकात सुईणींविरुद्ध भरपूर विष आहे हे खरं, पण प्रत्यक्ष खटल्यांत सुईणी फार कमी सापडतात. डेव्हिड हार्लीने १९९० मध्ये यावरच लेख लिहिला.

एडिनबराकर

इथे राहतो म्हणून थोडी भर. स्कॉटलंडमधल्या आरोपींची मोठी यादी एडिनबरा युनिव्हर्सिटीने केली आहे, ३,८३७ नावं. त्यात औषधपाण्याचा उल्लेख असलेल्या केसेस चार टक्क्यांच्या आसपास, आणि सुईणी म्हणाल तर बोटांवर मोजण्याइतक्या. पण ज्या आहेत त्या जबरदस्त आहेत. ॲग्नेस सॅम्पसन, कीथची जाणती बाई, १५९१ मध्ये मारली, राजा सहाव्या जेम्सने स्वतः तिची चौकशी केली. आणि तिच्याशी जोडलेली युफेम मॅक्कॅल्झिअन, चांगली श्रीमंत घरची. तिच्यावरच्या आरोपांत एक असा की बाळंतपणाच्या कळा कमी करायला तिने ॲग्नेसकडून उपाय घेतले. हा गुन्हा म्हणून लिहिलाय!! त्यामुळे पानोपानी म्हणतात ते बरोबर असलं तरी शाल्मली म्हणतात त्याला अजिबात आधार नाही असंही नाही. कळा कमी करणं हे पाप आहे असं मानणारे लोक कोर्टात बसले होते.

२०२२ च्या महिला दिनी स्कॉटलंडच्या तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांनी सरकारतर्फे या सगळ्यांची माफी मागितली, तेव्हा मी पार्लमेंटचं भाषण लाइव्ह बघत होतो. चेटकाविरुद्धचा कायदा १५६३ चा, १७३६ ला रद्द झाला, आणि माफी २०२२ मध्ये.

ऋतुगंध

मस्त चर्चा. मी फक्त 'द फॅमिलियर्स' वाचलंय, पेंडलवरचं, गरोदर जमीनदारीण आणि तिची सुईण ॲलिस ग्रे. मला तर खूप आवडलं बुवा. त्यातली सुईण खरी होती का?

पानोपानी

ऋतुगंध, ॲलिस ग्रे नावाची बाई १६१२ च्या खटल्यात होती आणि ती सुटली, एवढंच नोंदीत आहे. ती सुईण असल्याचं नोंदीत नाही, ते लेखिकेने दिलेलं. आणि जमीनदारीण फ्लीटवुड शटलवर्थ पण खरीच. त्या कादंबरीत गरोदर बाईची जी भीती आहे, आधीची बाळं गेलेली, या वेळी आपण जाणार याची धास्ती, ती फार खरी उतरलीये, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही.

पण पेंडलच्या मूळ नोंदीतली चॅटॉक्स बघ. कोर्टाचा कारकून टॉमस पॉट्सने १६१३ मध्ये सगळं छापलं. चॅटॉक्स म्हणजे म्हातारी, दृष्टी जवळजवळ गेलेली. जॉन मूरच्या बायकोने हिला बोलावलं, घरच्या पेयाला बाधा झालीये, उतरव म्हणून. हिने मंत्र म्हटला. त्या मंत्रात काय आहे तर तिघांनी तुला चावा घेतलाय, काळीज, वाईट डोळा, वाईट जीभ, आणि मग पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांचं नाव. हे वाचताना मला सरळ मीठ-मोहऱ्या ओवाळून 'आल्यागेल्याची, शेजारपाजारच्याची, कोणाची लागली असेल' म्हणणाऱ्या आपल्या बायका आठवल्या. वाईट डोळ्यावर उतारा आपल्याकडे घरोघरी आहे, आपल्याला हे समजायला टीप लागत नाही.

पण पुढे ऐक. मूरची बायको तिच्यावरच उखडली, बोलली काहीतरी. त्यावर चॅटॉक्स स्वतः सांगते की मग मी माझ्या सैतानाला, फॅन्सीला, हाक मारली आणि म्हटलं जा, त्या मूरच्या तपकिरी गाईच्या डोक्याला चाव, वेड लाव तिला. गाय सहा आठवड्यांत मेली.

म्हणजे एकाच घरी एकाच बाईने आधी बाधा उतरवली आणि मग अपमान झाला म्हणून बाधा घातली. आता हे तिच्याकडून वदवून घेतलं असेल, चौकशी करणारा नोवेल तिथेच बसलेला होता, हे धरूनच वाचायचं. पण गावातल्या सगळ्यांना हे पटण्यासारखं होतं, कारण जिला उतरवता येतं तिला घालताही येतं असंच सगळे मानत होते, बहुतेक ती स्वतःसुद्धा. दारोदार मागून खाणाऱ्या आंधळ्या म्हातारीकडे दुसरी कुठली ताकद होती? लोक तिला घाबरायचे म्हणून तर पीठ वाढायचे. तिला फक्त प्रेमळ आजी केलंत की तिचा रागच काढून घेतला, आणि राग हीच तिची कमाई होती.

सातपुडा

मी नंदुरबारकडे शाळेवर आहे. इथे डाकीण हा इतिहास नाही. म्हणून हे पुस्तकी वाटत नाही मला, थोडं सांगतो.

आमच्याकडे औषध देणारी बाई आणि डाकीण ठरवली जाणारी बाई यांच्या मधे एक माणूस असतो, तो म्हणजे भगत, बुवा. पोरगं आजारी पडलं, ढोर मेलं, की लोक त्याच्याकडे जातात आणि तो दाणे टाकून नाव सांगतो. म्हणजे वैद्यकीचा मान पुरुषाकडे आणि संशय बाईवर. आणि नाव कोणाचं येतं, तर बहुतेक विधवा, जिच्या नावावर थोडी जमीन आहे, किंवा जी भांडते. आमच्या पाड्यावर एक बाई बाळंतिणीची अंगं चोळायची, पोरांची पोटं चोळायची. तिने चोळलेलं एक लेकरू दोन दिवसांनी गेलं. तिला कोणी मारलं नाही, पण तिच्या हातचं पाणी प्यायचं बंद झालं. तीच बाई, तेच हात. पानोपानी ताईंचं उतरवणं आणि घालणं मला इथे डोळ्यांनी दिसलेलं आहे.

२०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात एखादीला चेटकीण ठरवून छळणं हा गुन्हा आहे. दाभोलकरांचा खून झाल्यावर तो कायदा आला. पण तक्रार करायला बाईला त्याच गावातून निघून पोलिस स्टेशनला यावं लागतं आणि परत त्याच गावात जावं लागतं.

तिकडच्या खटल्यांत असा भगत होता का?

पानोपानी

सातपुडा सर, होता, आणि कादंबऱ्यांतून नेमका तोच गायब आहे! इंग्लंडात त्याला कनिंग मॅन म्हणायचे, बाई असेल तर कनिंग वुमन. ताप का उतरत नाही, लोणी का निघत नाही विचारायला लोक जायचे, आणि तो किंवा ती सांगायची की तुझ्यावर करणी आहे, आरशात बघ, चेहरा दिसेल. म्हणजे वैदू हाच पुष्कळदा आरोपाचा उगम. आणि सुईणी? १६४५ मध्ये मॅथ्यू हॉपकिन्सने इसेक्सकडे चेटकिणी शोधायची जी मोहीम चालवली तिच्यात संशयित बायकांचं अंग तपासून खुणा शोधायच्या कामावर बायकाच होत्या, त्यांत सुईणी पण. कारण बाईचं अंग बघायचा अधिकार त्यांनाच. बाईने बाईचे कपडे उतरवून तीळ, मस शोधायचे आणि त्यावर फाशी. हे लिहायला छाती लागते, आणि मला वाटतं स्त्रीवादी कादंबरीनेच ते लिहायला हवं, दुसरं कोण लिहिणार?

दवाखाना_२

मी फार्माकॉलॉजी शिकवते म्हणून डॉक्टर विरुद्ध वैदीण या भागावर बोलते. डिजिटॅलिस, हृदयाचं औषध. विल्यम विदरिंगने १७८५ मध्ये पुस्तक लिहिलं, त्यात तो स्वतःच सांगतो की श्रॉपशायरमधल्या एका म्हातारीचा जलोदरावरचा घरगुती नुस्खा त्याच्याकडे मत मागायला आला होता, त्यात वीसेक वनस्पती होत्या, आणि त्यातली कामाची फॉक्सग्लोव्ह हे त्याने ओळखलं. म्हातारीचं नाव त्याने लिहिलं नाही. पुढे विसाव्या शतकात एका औषध कंपनीच्या जाहिरातीत तिला 'मदर हटन' नाव मिळालं आणि लोक ते खरं मानायला लागले. म्हणजे बाईचं ज्ञान घेतलं, हे खरंच घडलंय, पण जाळून नाही, नाव न लिहून.

आणि दुसरं. फॉक्सग्लोव्हचा उपचाराचा डोस आणि मारणारा डोस यात अंतर फार थोडं असतं. आजही डिगॉक्सिनच्या (याच गटातलं औषध) पेशंटची रक्तातली लेव्हल बघावी लागते. पान कुठल्या महिन्यात तोडलं, कोवळं की जून, यावर जोर बदलतो, विदरिंगची अर्धी मेहनत त्याच्यावरच गेली. त्यामुळे 'तिचं औषध कधीच चुकत नाही' हे मलाही वाचवत नाही. चुकणारच. माणसं मेली असणार तिच्या हातून, आमच्याही हातून मरतात.

मी_शाल्मली

डॉक्टर, फॉक्सग्लोव्हवरून हॅना केंटची 'द गुड पीपल' आठवली! आयर्लंड, १८२५-२६. नॅन्स नावाची म्हातारी, बाळंतपणं करते, औषधं देते, रडायला जाते मयतीला. एका विधवेचा अपंग नातू, चालत नाही, बोलत नाही, तो खरा नातू नाही, पऱ्यांनी बदलून ठेवलेला आहे असं ठरतं, आणि मग त्याच्यावर फॉक्सग्लोव्ह, नदीचं पाणी. मूळ घटना खरी आहे, ॲन रोच नावाच्या म्हातारीवर ट्रालीच्या कोर्टात १८२६ मध्ये खटला झाला, मूल फ्लेस्क नदीत बुडालं, ती निर्दोष सुटली.

मला ते पुस्तक संपवताना खूप त्रास झाला कारण नॅन्सवर जीव जडतो आणि तरी त्या पोराचे हाल वाचवत नाहीत. आणि पानोपानी, तुम्ही मागताय तशी वैदीण ती आहे. प्रेमळ, गरीब, जाणकार, पऱ्यांवर शंभर टक्के विश्वास असलेली, आणि पोराचा जीव घेणारी. मी मात्र एक विचारते, अशी नॅन्स वाचून लोक 'बघा, बायकांचं ज्ञान म्हणजे अंधश्रद्धा' असं म्हणणार नाहीत का? मला ती भीती वाटते.

पानोपानी

म्हणतील काही जण. त्यांना बिनचूक वैदीण दिली तरी ते ऐकणार नव्हतेच. त्यांच्यासाठी का लिहायचं? आणि नॅन्सच्या गावात डॉक्टर नव्हताच असं नाही, होता, पण येऊन त्या पोरासाठी काही करण्यासारखं नाही म्हणून गेला. विधवेला नॅन्सकडे कोणी ढकललं हे पुस्तकात स्पष्ट दिसतं. तेवढं दिसलं की झालं.

ऋतुगंध

टिटुबाचं काय मग? ती पण वैदीणच ना?

एडिनबराकर

टिटुबा सेलममधल्या पाद्र्याच्या घरची गुलाम. १६९२ चा खटला. नोंदीत तिला 'इंडियन' म्हटलंय, औषधं द्यायची असं काही नाही. तो राईच्या पिठाचा आणि आजारी मुलींच्या लघवीचा केक करून कुत्र्याला घालायचा प्रकार, ज्यावरून तिला जादूगारीण ठरवतात, तो सुचवला होता शेजारच्या मेरी सिब्लीने, चर्चची गोरी सभासद, आणि तोडगा अस्सल इंग्लिश. मेरीला चर्चमध्ये चूक कबूल करायला लावली, संपलं. टिटुबा वर्षाहून जास्त तुरुंगात. मरीझ कोंदेने १९८६ च्या फ्रेंच कादंबरीत तिला बार्बाडोसची, झाडपाला शिकलेली केली, ती कल्पना आहे आणि वाचताना लेखिका ते लपवत नाही. तिथे मला वैदीण असण्याला हरकत वाटत नाही, कारण गुलाम बाईचं मूळच नोंदीतून खरवडलेलं, काहीतरी तर द्यायलाच हवं.

कडूकारले

मी बरेच दिवस वाचनमात्र होते, आज लिहिते. मला मराठीत अशी कादंबरी लिहायची आहे, युरोपातलीच, कारण ते खटले मला झोपू देत नाहीत. सुईण नायिका हवी. पण आता तुम्ही सगळ्यांनी साचाच काढून घेतला. कुठून सुरू करू?

पानोपानी

कडूकारले, लिहाच! आणि माझं ऐकाल तर १६३४ घ्या, त्याच पेंडलचा दुसरा खटला, ज्याच्यावर फारसं कोणी लिहीत नाही. एडमंड रॉबिन्सन नावाचा दहा-अकरा वर्षांचा पोरगा गाई वेळेवर घरी न आणल्याबद्दल मार चुकवायला गोष्ट रचतो, बायका चेटूक करताना पाहिल्या म्हणून. मग बाप त्याला चर्चमधून फिरवतो, चेटकिणी ओळखायला, पैसे घेऊन. बऱ्याच जणी दोषी ठरतात, पण न्यायाधीशांना शंका येते आणि चौघींना लंडनला नेतात. तिथे सात सर्जन आणि दहा सुईणी त्यांचं अंग तपासतात, देखरेख कोणाची तर रक्ताभिसरणाचा शोध लावणाऱ्या विल्यम हार्वेची. आणि त्या सुईणी सांगतात की तीन जणींच्या अंगावर काहीही नाही, आणि चौथीचं जे आहे त्यात अनैसर्गिक काही नाही. नंतर पोरगा खोटं बोललो म्हणून कबूल करतो.

चौघींतली मेरी स्पेन्सर तरुण. तिच्यावर आरोप काय तर तिची बादली हाक मारल्यावर तिच्यामागे येते. ती बिशपला सांगते की लहानपणी विहिरीवर पाण्याला जाताना मी बादली उतारावरून गडगडत सोडायचे आणि तिच्याबरोबर धावायचे, कधी मी पुढे गेले की तिला ये म्हणायचे, एवढंच. आणि कोर्टात गर्दीचा इतका गोंगाट होता की माझ्याविरुद्ध कोण काय बोलतंय ते मला ऐकूच आलं नाही, असंही तिने सांगितलंय.

त्या दहा सुईणींपैकी एक घ्या. हॉपकिन्सच्या सुईणी खुणा शोधून देतात आणि या नाही म्हणतात, काम तेच, हात तसेच. तिने आधी गावाकडे कधी 'हो' म्हटलेलं असू शकतं. तिला बिशपकडून परवाना घेताना चेटूक करणार नाही अशी शपथ घ्यावी लागली असणार, आणि तरी अडलेल्या बाईच्या अंगावर बांधायला तिच्या पिशवीत एखादी नाडी असेलच.

आणि शेवट सुटकेचा करू नका, कारण माफी मिळूनही १६३६ च्या यादीत काही जणी लँकेस्टरच्या तुरुंगातच आहेत, तिथल्या खाण्यापिण्याचे पैसे भरता आले नाहीत म्हणून. त्या यादीत जेनेट डिव्हाइस असं एक नाव आहे. १६१२ मध्ये नऊएक वर्षांची असताना टेबलावर उभी राहून स्वतःच्या आईविरुद्ध साक्ष देणाऱ्या मुलीचं हेच नाव होतं. ती तीच का, हे ठरवायचं काम कादंबरीकाराचं.

कडूकारले

टेबलावर उभी राहून?? हे घेतेच. पहिलं प्रकरण झालं की इथेच टाकते. सातपुडा सर, बाळंतिणीला चोळणाऱ्या त्या बाईबद्दल तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तर चालेल का, हात कसे चालतात ते मला नीट विचारायचंय.

सातपुडा

चालेल की. तिलाच विचारून सांगतो.